खोट्या पदकाचा खटला : असत्य आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा अभ्यास नव्याने सुरू करणाऱ्याला बहुधा आधी धैर्यवान माणसांचे खटले वाचायला देतात. युद्धाविरुद्ध पत्रके वाटणारे, सरकारची गुपिते छापणारे संपादक, बंदी आलेल्या पुस्तकांचे लेखक. त्यांची बाजू घेणे सोपे असते. या क्षेत्राच्या उंबरठ्यावर आलेल्या वाचकाला मी वेगळ्या माणसाची ओळख करून देणार आहे. त्याच्याजवळ जगाला सांगण्यासारखे कोणतेही सत्य नव्हते, आणि त्याच्याबद्दल आपुलकी वाटावी असे काही त्याने केलेले नाही. तरीही त्याच्या खटल्यातून आत शिरलेला अभ्यासक पुढे फारसा भरकटत नाही, असे माझे मत आहे.

23 जुलै 2007 रोजी कॅलिफोर्नियात दोन शेजारी जलमंडळांच्या संचालकांची संयुक्त बैठक होती. क्लेअरमाँटच्या थ्री व्हॅलीज म्युनिसिपल वॉटर डिस्ट्रिक्टवर नुकताच निवडून आलेला झेवियर अल्वारेझ उभा राहिला आणि त्याने स्वतःची ओळख करून दिली. आपण पंचवीस वर्षे मरीन दलात होतो, 2001 मध्ये निवृत्त झालो, अनेकदा जखमी झालो आणि 1987 मध्ये आपल्याला मेडल ऑफ ऑनर मिळाले, असे तो म्हणाला. यातले काहीच खरे नव्हते. तो सैन्यात कधीच नव्हता. मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक; आपल्याकडे परमवीरचक्राला जो मान, तोच तिथे त्याला. डेट्रॉइट रेड विंग्जकडून आपण आइस हॉकी खेळलो, मेक्सिकोतल्या एका तारकेशी आपले लग्न झाले होते, अशाही थापा त्याने मारल्या होत्या. त्यांबद्दल त्याला कोणी कोर्टात खेचले नाही. पदकाच्या थापेबद्दल खेचले, कारण तसा कायदा होता.

तो कायदा म्हणजे 2005 चा स्टोलन व्हॅलर ॲक्ट. त्यावर अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांची सही 20 डिसेंबर 2006 रोजी झाली. लष्करी सन्मान मिळाल्याचा खोटा दावा तोंडी वा लेखी केला की सहा महिन्यांपर्यंत कैद. पदक मेडल ऑफ ऑनर असेल तर एक वर्षापर्यंत. दावा कोणासमोर केला, कशासाठी केला, त्यातून काय मिळाले, हे कायदा विचारतच नव्हता. अल्वारेझने गुन्हा कबूल केला, मात्र कायद्याच्या घटनात्मकतेला आव्हान देण्याचा हक्क राखून ठेवला. तीन वर्षांचे प्रोबेशन, 416 तासांची समाजसेवा आणि 5,000 डॉलर दंड अशी शिक्षा झाली. अपील न्यायालयाने 2010 मध्ये दोन विरुद्ध एक मतांनी ती रद्द केली आणि 28 जून 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो कायदाच घटनाबाह्य ठरवला. ओबामांच्या आरोग्यविमा कायद्याचा निकाल नेमका त्याच दिवशी लागला आणि सगळ्यांचे डोळे तिकडे लागले. अभ्यासकांनी मात्र हा निकाल तेव्हापासून हातावेगळा केलेला नाही.

या खटल्यातले असत्य अगदी उघडेवाघडे आहे, म्हणून अभ्यासाला ते फार उपयोगी. एरवी खोट्याला काहीतरी चिकटलेले असते. फसवणुकीत समोरच्याचे पैसे जातात. बदनामीत दुसऱ्याची अब्रू जाते. खोट्या साक्षीने न्यायाची वाट चुकते. आपल्या इतिहासातले उदाहरण घ्यायचे तर पानिपतानंतर पुढे आलेला सदाशिवरावभाऊंचा तोतया घ्यावा. त्याने रणात हरवलेल्या वीराचे नाव घेतले, पण त्या नावावर फौज जमवली, कोकणात ठाणी बळकावली, आणि 1776 मध्ये पेशव्यांच्या कारभाऱ्यांनी त्याला देहान्त शासन दिले. तिथे शिक्षा नुसत्या खोट्याला नव्हती. खोट्याच्या आधाराने सत्ता हिसकावण्याला होती. अल्वारेझने काहीच हिसकावले नाही. नोकरी मागितली नाही, निवृत्तिवेतन मागितले नाही, निवडून तर तो आधीच आला होता. त्याला हवा होता फक्त मान. म्हणून प्रश्न एकटा उरतो: एखादी गोष्ट खोटी आहे, बोलणाऱ्याला ती खोटी असल्याचे ठाऊक आहे, एवढ्यावर सरकारने त्याला शिक्षा करावी का?

या प्रश्नाला घाईने ‘नाही’ म्हणणाऱ्या वाचकाने थोडे थांबावे. ज्यांच्या घरातून माणूस सीमेवर गेला आणि परत आला नाही, त्यांच्यासाठी हा प्रश्न कोरडा नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात, जिथे पिढ्यान्‌पिढ्या घराघरातून सैन्यात माणसे गेली, तिथे हे कोणाला समजावून सांगावे लागणार नाही. जॉर्ज वॉशिंग्टनने 1782 मध्ये न्यूबर्गच्या छावणीत सामान्य शिपायांसाठी पहिले सन्मानचिन्ह सुरू केले, तेव्हा त्याच आदेशात हक्क नसताना ते लावणाऱ्याला कठोर शिक्षा होईल असे लिहून ठेवले होते. म्हणजे सन्मान आणि सन्मानाची चोरी या दोन्हींची दखल अमेरिकेने एकाच कागदावर घेतली.

न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांच्या भिन्नमताचा गाभा हाच आहे, आणि त्यांनी दिलेले तपशील अस्वस्थ करणारे आहेत. लायब्ररी ऑफ काँग्रेसने माजी सैनिकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्यात स्वतःला मेडल ऑफ ऑनरचे मानकरी म्हणवणाऱ्या 49 जणांपैकी 24 जणांना ते पदक मिळालेलेच नव्हते. देशाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, पुढच्या इतिहासकारांसाठी जपलेल्या साधनांत, निम्मे दावे खोटे. अलिटोंचे म्हणणे असे की, अशा खोट्या दाव्यांची गर्दी झाली की खरे पदकही संशयाच्या छायेत येते. महागड्या घड्याळांच्या आणि हँडबॅगांच्या नकली मालापासून त्या कंपन्यांची पत राखायला कायदा धावतो. मग देशाच्या सर्वोच्च सन्मानाची पत राखायला त्याने का धावू नये? आणि इतिहास, धर्म, समाजशास्त्र यांतल्या वादग्रस्त विधानांवर सरकारने सत्यासत्याचा शिक्का मारणे धोक्याचे, हे त्यांनाही मान्य आहे. पदक मिळाले की नाही, ही मात्र नोंद पाहून ठरणारी गोष्ट आहे, असे ते म्हणतात. त्यात मतभेदाला जागा कुठे?

नोंद पाहून ठरणारी गोष्ट. अलिटोंच्या युक्तिवादाचा सारा भार या एका गृहीतावर आहे, म्हणून तिथे जरा रेंगाळू या.

यादवी युद्धात, 1863 च्या जूनअखेरीस, जनरल ली यांचे दक्षिणेकडील सैन्य पेनसिल्व्हेनियात घुसले होते आणि वॉशिंग्टनच्या रक्षणाला माणसे कमी पडत होती. मेन राज्याच्या 27 व्या पलटणीची भरतीची मुदत संपत आली होती. जे मागे राहतील त्यांना मेडल ऑफ ऑनर मिळेल, असे त्यांना सांगण्यात आले. सुमारे 300 जण राहिले, बाकीचे घरी गेले. पण कोण राहिले याची यादी नीट ठेवली गेली नाही आणि पदके घडली ती सबंध पलटणीसाठी, 864. अनेक वर्षांनी, 1916-17 मध्ये, निवृत्त सेनाधिकाऱ्यांच्या मंडळाने सगळ्या जुन्या पदकांची छाननी केली आणि 911 नावे यादीतून काढून टाकली. त्यांत या पलटणीची 864 होती, लिंकनच्या शवयात्रेबरोबर गेलेल्या 29 रक्षकांची होती, ‘बफेलो बिल’ म्हणून गाजलेल्या विल्यम कोडीचे होते. आणि डॉ. मेरी वॉकर यांचेही होते. यादवी युद्धात जखमींवर उपचार करणाऱ्या, शत्रूच्या कैदेत राहून आलेल्या या शल्यचिकित्सक बाईंना 1865 मध्ये पदक मिळाले होते. त्या सैन्याच्या रीतसर सेवेत नव्हत्या, हे कारण देऊन ते काढून घेण्यात आले. बाईंनी ते परत केले नाही. 1919 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या ते छातीवर लावत राहिल्या. 1977 मध्ये सरकारने त्यांचा सन्मान पुन्हा बहाल केला.

आता 2005 चा कायदा या बाईंच्या आयुष्यावर ठेवून पाहावा. ‘मी मेडल ऑफ ऑनरची मानकरी आहे’ हे त्यांचे वाक्य 1866 मध्ये खरे. 1918 मध्ये सरकारी नोंदीप्रमाणे त्याच वाक्याला आधार नाही. 1977 नंतर ते पुन्हा खरे. बाई तीच, पदक तेच, युद्धातले काम तेच. बदलली ती फक्त वही. शिक्षेचा कायदा वहीवर उभा करायचा तर वही कोणाच्या हातात आहे हे विचारावेच लागते. शिवाय ती वही जळूही शकते. 12 जुलै 1973 रोजी सेंट लुईसजवळच्या राष्ट्रीय अभिलेख केंद्राला आग लागली आणि सैन्य व हवाई दलाच्या सुमारे 1 कोटी 60 लाख ते 1 कोटी 80 लाख सैनिकांच्या सेवापुस्तिका नष्ट झाल्या. दोन्ही महायुद्धांतल्या आणि कोरियातल्या असंख्य माणसांना आपली खरी सेवा सिद्ध करायला त्यानंतर कागद गोळा करत फिरावे लागले.

न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी चार न्यायमूर्तींच्या वतीने लिहिलेले मत या पार्श्वभूमीवर वाचले की त्याची धार कळते. अमेरिकन परंपरेत भाषणाचे काही मोजके प्रकार घटनेच्या संरक्षणाबाहेर आहेत: चिथावणी, अश्लीलता, बदनामी, फसवणूक, खऱ्याखुऱ्या धमक्या वगैरे. ‘असत्य’ असा सरसकट प्रकार त्या यादीत कधीच नव्हता, आणि तो नव्याने घालायला त्यांनी नकार दिला. कारण एकदा तो घातला की आज पदकाबद्दल, उद्या पदवीबद्दल, परवा आणखी कशाबद्दल. खोटे बोलणे गुन्हा ठरेल अशा विषयांची यादी सरकार करत जाईल. हा कायदा घरातल्या कुजबुजीलाही लागू होतो, याकडे त्यांनी बोट दाखवले. ऑर्वेलच्या कादंबरीतल्या सत्य मंत्रालयाची आठवणही त्यांनी करून दिली. त्यांचा दुसरा मुद्दा व्यवहाराचा. अल्वारेझचे बिंग फुटले, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, टवाळी झाली, सहकारी संचालकाने राजीनामा मागितला. खोट्याचा इलाज खऱ्याने झालाच होता. सरकारला आणखी काही करायचे तर पदकविजेत्यांची यादी सर्वांना पाहता येईल अशी खुली करावी. अशी परिपूर्ण यादी करणे शक्य नाही, असा आक्षेप भिन्नमतात आहे. पण निकालानंतर महिन्याभरात अमेरिकेच्या संरक्षण विभागाने शौर्यपदकांचे संकेतस्थळ सुरू केले, सुरुवातीला थोड्याच नोंदींचे. आपल्या संरक्षण मंत्रालयाचेही तसे संकेतस्थळ आहे.

मला यातून जे दिसते ते स्पष्ट सांगतो. सन्मानाची राखण करण्याची पहिली जबाबदारी तो देणाऱ्यावर आहे. त्याने नोंदी नीट ठेवाव्यात, त्या खुल्या ठेवाव्यात, चूक झाली तर सुधारावी. हे न करता थाप मारणाऱ्याला तुरुंगात टाकणे म्हणजे आपल्या कामातली कसूर दुसऱ्याच्या शिक्षेने भरून काढणे आहे. अलिटोंनी वर्णिलेली इजा खरी आहे, ती मी नाकारत नाही. त्यांनी सुचवलेला उपाय मला पटत नाही.

तिसरे मत न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर यांचे, न्यायमूर्ती एलेना केगन यांच्यासह. नवख्या वाचकाच्या नजरेतून ते निसटते. ब्रायर केनेडींइतके तत्त्वाला चिकटून राहत नाहीत. ते म्हणतात, माणसे नाना कारणांनी खोटे बोलतात आणि त्यातले काही खोटे चांगलेही असते: कोणाचे मन राखणारे, छळापासून वाचवणारे, घाबरलेल्या जमावाला शांत ठेवणारे, वर्गात विचाराला चालना देणारे. महाभारताच्या श्रोत्याला हे नवे नाही. कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा सांगतो: लपलेली माणसे कुठे गेली हे त्याने दरोडेखोरांना खरे-खरे सांगितले आणि त्या सत्याची फळे त्याला नरकात भोगावी लागली. ब्रायर यांचा निष्कर्ष असा की, कायद्याचा हेतू योग्य आहे पण फास फार मोठा आहे. प्रत्यक्ष इजा दाखवणारा, नेमका कायदा केला तर तो टिकेल.

तसा तो झाला. 3 जून 2013 रोजी अध्यक्ष बराक ओबामा यांनी नव्या स्टोलन व्हॅलर ॲक्टवर सही केली. आता पैसा, मालमत्ता किंवा दुसरा ठोस लाभ उकळण्याच्या हेतूने, ठरावीक पदकांबद्दल खोटा दावा केला तरच गुन्हा. नुसती बढाई सुटली, बढाईवर केलेली लूट अडकली. हीच रेषा पुढे दुसरीकडेही उमटलेली दिसते. आयडाहो राज्याने पशुपालन केंद्रांत खोटे सांगून शिरणाऱ्यांवर गुन्हा लावणारा कायदा केला होता. अपील न्यायालयाने 2018 मध्ये नुसत्या प्रवेशासाठी बोललेल्या खोट्याला संरक्षण दिले, पण मालकाला इजा करण्याच्या हेतूने खोटे सांगून नोकरी मिळवण्याला दिले नाही. निवडणुकीत उमेदवाराबद्दल खोटी विधाने करण्याला बंदी घालणारा ओहायोचा कायदा 2016 मध्ये असाच पडला. पदकाच्या खटल्याचा धागा राजकारणापर्यंत जातो तो असा.

या क्षेत्रातले सिद्धान्तकार अजून एकमेकांशी झगडत आहेत, आणि नव्या अभ्यासकाने त्यात उतरावे. आगरकरांच्या वाचकाला जॉन स्टुअर्ट मिल अनोळखी नाही. असत्याशी टक्कर झाल्याने सत्य अधिक लखलखीत होते, हा मिलचा 1859 मधला युक्तिवाद अजून वापरला जातो. पण तो मतांना लागू पडतो. अल्वारेझच्या थापेशी टक्कर होऊन पदकाबद्दलचे आपले कोणते आकलन सखोल झाले? फ्रेडरिक शॉअर यांनी 2010 मध्ये नेमकी हीच उणीव दाखवली: अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या तत्त्वज्ञानाने मतांचा विचार शतकानुशतके केला, साध्या तथ्यांचा फारच कमी. शॉना शिफ्रिन यांनी 2014 मधल्या आपल्या पुस्तकात आणखी पुढचे पाऊल टाकले. बोलण्याचे मोल त्यातून माणसाचे मन दुसऱ्याला कळते यात असेल, तर जाणूनबुजून खोटे बोलणारा आपले मन झाकतो, आणि बोलण्याला मिळणाऱ्या संरक्षणावरचा त्याचा हक्क दुबळा होतो. हा युक्तिवाद मला अलिटोंच्या भिन्नमतापेक्षाही खोल वाटतो. त्याला उत्तर देताना माझ्यासारख्याला सरकारच्या हातातल्या सत्तेची भीती पुढे करावी लागते, म्हणजे बोलणाऱ्याच्या हक्काऐवजी शिक्षा करणाऱ्याच्या दंडुक्याबद्दल बोलावे लागते. ते उत्तर पुरेसे आहे का, याचा निवाडा वाचकाने करावा.

भारतीय वाचकाला हा सगळा परदेशी व्यवहार वाटण्याचे कारण नाही. आपल्या घटनेच्या अनुच्छेद 19(2) मध्ये अभिव्यक्तीवर मर्यादा घालण्याची कारणे मोजून दिली आहेत: देशाची सार्वभौमता आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. असत्य त्यात नाही. सैनिक नसताना तसे भासवण्यासाठी गणवेश घालणे आपल्याकडे गुन्हा आहे, आधी भारतीय दंड संहितेच्या कलम 140 खाली, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली. पण ‘सरकारने खोटे ठरवले’ एवढ्याने बोलणे अडवता येते का, हा प्रश्न अलीकडे थेट मुंबई उच्च न्यायालयासमोर आला. केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून, सरकारच्या कारभाराबद्दलचा कोणता मजकूर बनावट, खोटा वा दिशाभूल करणारा आहे हे ठरवण्याचे काम आपल्याच तथ्यतपासणी कक्षाकडे दिले. विनोदकार कुणाल कामरा आणि इतरांनी या दुरुस्तीला आव्हान दिले. 31 जानेवारी 2024 रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांची मते विभागली. मग तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांनी सप्टेंबर 2024 मध्ये दुरुस्ती घटनाबाह्य असल्याचे मत दिले आणि ती रद्द झाली. वॉशिंग्टन आणि मुंबई यांच्या घटना वेगळ्या, परंपरा वेगळ्या. पण नोंदवही कोणाच्या हातात, हा प्रश्न दोन्हीकडे तोच होता.

वाचायला सुरुवात कुठून करावी, असे विद्यार्थी विचारतात. अल्वारेझ निकालातले अलिटोंचे भिन्नमत आधी वाचावे आणि ते वाचताना त्यांच्या बाजूने मनापासून उभे राहावे. मग केनेडी, शेवटी ब्रायर. त्यानंतर एक न सुटलेले कोडे हाती घ्यावे. बोललेले खोटे आणि छातीवर लावलेले खोटे यांत फरक आहे का? न मिळालेली पदके आणि गणवेश घालून समारंभांना गेलेल्या माणसाची शिक्षा रिचमंडच्या अपील न्यायालयाने 2012 मध्ये कायम केली. साक्षीच्या पिंजऱ्यात पर्पल हार्ट हे पदक लावून उभ्या राहिलेल्या माणसाची तशीच शिक्षा कॅलिफोर्नियाच्या बाजूच्या अपील न्यायालयाने 2016 मध्ये रद्द केली. पदक लावणे हेही बोलणेच, असे बहुमताने म्हटले. दोन्ही निकाल जुन्या कलमाखालचे. 2013 मध्ये अमेरिकन संसदेने त्या कलमातून पदक ‘लावण्या’चा उल्लेखच काढून टाकला, त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाला यावर बोलावे लागले नाही आणि प्रश्न आहे तिथेच उभा आहे.